बेवारस किल्ल्या

पोलाद कारखान्याची तिसरी पाळी बंद झाली त्या वर्षी
मी सर्वांत जास्त कुलपं बदलली.
बँकेचा माणूस सोबत असायचा, हातात यादी.
गुडघ्याखाली वर्तमानपत्र घेऊन
मी ओळखीची दारं अनोळखी करत जायचो.
आधी कोटांचं दुकान. मग फुर्तादोची मासळी. मग पियानोवाला.
त्यानं तर मला कॉफी विचारली,
स्वतःच्याच दुकानाबाहेर उभं राहून.

हॅमिल्टनच्या या रस्त्यावर पुढची चौदा वर्षं
कबुतरं तेवढी बिनभाड्यानं राहिली.

मग थुई आली. वर, जिथे पूर्वी हातमोजे शिवायचे,
तिथे छपाईचं यंत्र चढवताना
सहा माणसं आणि एक खिडकी कामी आली.
तीन किल्ल्या मागितल्या तिनं.
एकटीला तीन?
"येतील अजून," म्हणाली.
पुढल्या उन्हाळ्यात त्याच दाराची
मी सतरावी किल्ली घासत होतो.

आता दुसऱ्या शुक्रवारी या कधी,
संध्याकाळी, गाडी लांब लावून.
मासळीच्या दुकानात चित्रं आहेत;
हवा दमट असली की फरशी अजून खारवलेला कॉड आठवते
आणि लोक समुद्राच्या चित्राजवळ जाऊन
हळूच हुंगतात.
कोटांच्या दुकानात
नागड्या माणसांची रेखाटनं शिकवतात.
हॉदानच्या कॉफीत आलं असतं, रांग कोपऱ्यापर्यंत जाते,
आणि रांगेसाठी ट्यूबा वाजवणारा मुलगा
दिवसा दातांचा डॉक्टर होतोय.
चाळीस वर्षं सहाच्या ठोक्याला शटर ओढणारी फिलोमेना
दहापर्यंत कस्टर्डच्या वाट्या विकते,
कुरकुरते,
पैसे दोनदा मोजते.

गेल्या हिवाळ्यात ब्रिन माझ्या भिंतीसमोर येऊन उभी राहिली.
भिंतीवर खिळे, खिळ्यांवर किल्ल्या:
करायला टाकल्या, न्यायला कुणी आलं नाही.
"किती असतील?"
कधी मोजल्या नव्हत्या. अकराशे निघाल्या.
पैसे घेतले नाहीत. एक पियानोवाल्याची ठेवून घेतली,
पण मग तीही देऊन टाकली, उगाच भांडण नको म्हणून,
माझंच माझ्याशी.

बारीक तारांनी तिनं त्या टांगल्या
जुन्या बँकेच्या दालनात.
हो, त्याच बँकेच्या.
दार उघडलं की वारा आत येतो आणि सगळ्या हलतात,
आमच्या बेटावर रात्री बंदरात
दोऱ्या डोलकाठ्यांवर आपटायच्या, तसा आवाज.
एका पोरानं विचारलं, ही कुठलं दार उघडते?
आई म्हणाली, कुठलंच नाही राजा, ही कला आहे.
मी मागेच उभा होतो. बोललो नाही.
खांद्यावर खाच असलेली ती किल्ली
आता जिथे कविता वाचतात, तिथलं मागचं दार उघडते.
उघडायची.

नोव्हेंबरात पत्र आलं. फार सभ्य पत्र.
मार्चपासून भाडं अडीचपट.
वरच्या कोपऱ्यात थुईनं रंगवलेली भिंत छापलेली,
निळा बगळा, चोचीत नळाची तोटी.
थुईलाही तेच पत्र, तोच बगळा.

काल नव्या मालकाचा माणूस दुकानात आला.
कुलपं बदलून देता का?
देतो की. किती?
त्यानं यादी काढली.
चौथ्या ओळीत माझाच पत्ता.
त्याच्या लक्षात नसावं;
तो खिडकीतून बगळ्याचा फोटो काढत होता.

यादी घेऊन मी तडक वर गेलो,
गुडघे दुखतात तरी.
थुईनं हात पुसले, एकदा वाचली,
आणि लाकडी टाइपाचा खण ओढला.

आज शुक्रवार. दर खिडकीत यादी आहे,
वीतभर अक्षरांत, लाल, अजून ओली.
मालकाच्या खिडकीतही; ती कुणी लावली मला ठाऊक नाही.
ट्यूबा सुरू झालाय.
चांगल्या कोटातली एक बाई माझ्या काचेसमोर
मान तिरकी करून बराच वेळ थांबली,
मग आत आली.
"केवढ्याला?"
मी मार्चपासूनचं भाडं सांगितलं.
ती म्हणाली,
"चौकटीसकट?"